जुन्या कन्सोलचे गेम संगणकावर: घोडे एम्युलेटरपाशी क्वचितच अडते

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: लॅपटॉप मध्यम ताकदीचा आहे, हाताशी सुपर निन्टेंडोची काही कार्ट्रिज, म्हणजे ज्यांना आपण सर्रास कॅसेट म्हणतो ती, आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या काही सीडी आहेत, आतापर्यंत तीन एम्युलेटर बदलून पाहिले, तरी चित्र पसरट दिसते, आवाज मधूनच तडतडतो, उडीचे बटण दाबल्यावर पात्र किंचित उशिरा उडते आणि प्लेस्टेशनचा एक गेम तर पहिल्याच मेनूवर कंट्रोलरला दाद देत नाही. यावर तुम्ही विचारले आहे, की सर्वांत चांगला एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम, कोणता. बरीच वर्षे हे प्रोग्राम वापरल्यावर आणि इतरांना बसवून दिल्यावर माझे मत असे झाले आहे, की चौथा एम्युलेटर उतरवून घेतल्याने या चारपैकी एकही तक्रार मिटणार नाही. आजचे नावाजलेले एम्युलेटर आपले काम चोख करतात. घोडे अडते ते त्यांना दिलेल्या फाईलपाशी, पडद्यापाशी, वेळेच्या मेळापाशी आणि कंट्रोलरपाशी.

तरीही एम्युलेटर नेमके काय करतो हे एकदा पाहून घ्यावे, कारण पुढच्या प्रत्येक सेटिंगचा अर्थ त्यातूनच लागतो. १९८३ साली जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल आला. बाहेरच्या जगात तोच पुढे एनईएस म्हणून ओळखला गेला. त्याच्या अमेरिकी आणि जपानी आवृत्तीतला मुख्य प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके घेत असे आणि त्याच्या दर ठोक्याला चित्र काढणारी चिप पडद्यावर बरोबर तीन ठिपके पुढे जात असे. त्या काळचे प्रोग्रामर हा हिशेब बोटांवर ठेवून काम करत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये वरची गुणांची पट्टी जागच्या जागी राहते आणि खालचे जग मात्र सरकते, यासाठी कोणतीही खास सोय यंत्रात नव्हती, तर चित्र वरून खाली रेखाटले जात असताना ठरावीक जागी पोहोचल्याची खूण मिळताच प्रोग्राम सरकण्याचे आकडे अर्ध्यातच बदलत असे. म्हणजे एम्युलेटरला नुसत्या सूचना पाळून भागत नाही, त्याला या दोन चिप्सची जुगलबंदी ठोक्याला ठोका जुळवून सांभाळावी लागते. सुपर निन्टेंडोचा प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झवर चालत असे. पण त्याची हुबेहूब नक्कल करू पाहणाऱ्या बीएसनेस या एम्युलेटरला २०११च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागत असे, याचे कारण हेच. ‘एअर स्ट्राइक पेट्रोल’ या गेममध्ये विमानाची जमिनीवरची सावली एकेक रेघ काढली जात असताना मध्येच आकडे बदलून उमटवली आहे. ढोबळपणे काम करणाऱ्या जुन्या एम्युलेटरमध्ये ती सावली दिसतच नसे, आणि बॉम्ब नेमका कुठे पडणार याचा अंदाज त्या सावलीवरूनच घ्यायचा असल्यामुळे खेळणाऱ्याला आपले कुठे चुकते आहे हे कळतही नसे.

याच्या अगदी उलट वाट निन्टेंडो ६४च्या बाबतीत निघाली. जानेवारी १९९९मध्ये, म्हणजे तो कन्सोल दुकानात विकला जात असतानाच, अल्ट्राएचएलई नावाचा एम्युलेटर आला आणि तो त्या काळच्या पेंटियम संगणकांवर खेळण्याजोग्या वेगाने चालला. त्याने यंत्राच्या पोटातली चिप घडवण्याच्या फंदात न पडता, गेम ग्राफिक्सच्या चिपला कोणती आज्ञा देतो आहे ते ओळखून ती सरळ संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाकडे सोपवली. वेग मिळाला, पण ज्या गेमच्या आज्ञा ओळखीच्या नव्हत्या तिथे चित्र विस्कटले किंवा गेम सुरूच झाला नाही. आजही तुम्हाला सेटिंगमध्ये ‘एचएलई’ आणि ‘एलएलई’ असे दोन पर्याय दिसतात, ते याच दोन वाटांचे वारस आहेत: पहिला गेमचा हेतू ओळखून काम उरकतो, दुसरा यंत्राचे वागणे उतरवतो.

आता नावांचे चटकन सांगतो. एनईएससाठी मेसेन, सुपर निन्टेंडोसाठी बीएसनेस आणि संगणक फारच जुना असेल तर एसनेसनाइनएक्स, सेगा मेगा ड्राइव्हसाठी जेनेसिस प्लस जीएक्स, गेम बॉय ॲडव्हान्ससाठी एमजीबीए, पहिल्या प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन, दुसऱ्यासाठी पीसीएसएक्स२, गेमक्यूब आणि वी या दोन्हींसाठी डॉल्फिन, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी, सेगा सॅटर्नसाठी मेडनाफेन. रेट्रोआर्क हा स्वतः एम्युलेटर नसून यांपैकी बऱ्याच इंजिनांना एका छपराखाली आणणारा प्रोग्राम आहे. त्याचे मेनू प्रथमदर्शनी डोके फिरवतात, पण पुढे बटणाच्या विलंबाविषयी जे सांगणार आहे त्यासाठी तो शिकून घ्यावा असा माझा आग्रह राहील. तुमच्या लॅपटॉपवर पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे सगळे आरामात चालेल. दुसऱ्या प्लेस्टेशनपासून पुढे मात्र प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग आणि ग्राफिक्स चिप यांचा कस लागतो. तिथे कोअरची नुसती संख्या फारशी कामी येत नाही.

फाईलकडे वळू. तुमच्याकडे मूळ सीडी आहेत ही चांगली गोष्ट आहे, पण त्यांची प्रत बनवताना बहुतेक जण सवयीने ‘आयएसओ’ या प्रकारची फाईल काढतात आणि तिथेच फसतात. सीडीवरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरावीक मापाच्या तुकड्यात, २३५२ बाइट असतात. आयएसओ त्यातले २०४८ तेवढे ठेवते. प्लेस्टेशनचे गेम चित्रफिती आणि संवाद ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये साठवतात, त्यात या गाळलेल्या जागेतही माहितीच भरलेली असते. शिवाय काही गेमचे संगीत साध्या ऑडिओ सीडीप्रमाणे वेगळ्या ट्रॅकमध्ये असते आणि आयएसओमध्ये ते ट्रॅक येतच नाहीत. परिणाम असा, की गेम सुरू होतो, चालतोही, पण मुका राहतो किंवा पहिल्या चित्रफितीवर अडकतो, आणि दोष एम्युलेटरच्या माथी जातो. म्हणून प्रत नेहमी ‘बिन’ आणि ‘क्यू’ या जोडीने काढावी. क्यू ही काही ओळींची साधी मजकुराची फाईल असते. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो आणि बिन फाईलचे नाव काय, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. त्यामुळे बिनचे नाव नीटनेटके करायला गेलात आणि क्यूच्या पोटातले नाव तसेच राहिले, तर गेम उघडणार नाही. एम्युलेटरला फाईल देताना क्यू द्यायची, बिन नव्हे. जागा वाचवायची असेल तर या जोडीची ‘सीएचडी’ फाईल करता येते, तिच्यात काहीही गमावले जात नाही. गेम दोन-तीन सीडींचा असेल, तर सगळ्यांची नावे ओळीने लिहिलेली ‘एम३यू’ यादी करून ती उघडावी, म्हणजे सीडी बदलायच्या वेळी मेमरी कार्ड तेच राहते. युरोपीय आवृत्तीच्या काही सीडींवर नकलेविरुद्धचे संरक्षण मुख्य माहितीत नसून तिच्या जोडीने धावणाऱ्या उपवाहिनीत लपवलेले असते. अशा सीडीची बिन-क्यू प्रत वरवर निर्दोष दिसूनही गेम मध्येच गोठतो आणि तिच्याबरोबर ‘एसबीआय’ नावाची छोटी फाईल द्यावी लागते.

कार्ट्रिजसाठी यूएसबीला जोडायचे वाचक यंत्र लागते. ते वापरताना गेम वाचण्याआधी आतली सेव्ह, म्हणजे खेळाची जपून ठेवलेली प्रगती, वाचून घ्या. सुपर निन्टेंडोच्या अनेक कार्ट्रिजमध्ये सेव्ह एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जोरावर टिकलेली असते, आणि त्या बॅटऱ्या आता तिशीच्या घरात आहेत. बॅटरी बदलण्यासाठी काढली, की त्या क्षणी सेव्ह गेली. प्रत बरोबर निघाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, काढून तो कार्ट्रिजसाठी नो-इंट्रो आणि डिस्कसाठी रीडंप या निर्दोष प्रतींची यादी ठेवणाऱ्या संग्रहांच्या नोंदीशी ताडून पाहावा. काही जुन्या सुपर निन्टेंडो फाईलींच्या सुरुवातीलाच ५१२ बाइटांचे एक जादा शेपूट लावलेले असते. ते कॉपी करणाऱ्या यंत्राने जोडलेले असते, गेमचा भाग नसते, आणि त्याच्यामुळे निर्दोष फाईलचा चेकसमही जुळत नाही. जुळला नाही तर आधी हे तपासा, मग कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्या पुसा, आणि पुन्हा वाचा.

बायोसविषयी, म्हणजे कन्सोल सुरू होताच चालणाऱ्या त्याच्या आतल्या मूळ प्रोग्रामविषयी, थोडक्यात. एनईएस, सुपर निन्टेंडो आणि मेगा ड्राइव्ह यांच्या कार्ट्रिजना त्याची गरज नसते. प्लेस्टेशनला असते; त्याची फाईल बरोबर ५१२ किलोबाइटची असते, आणि तिचा प्रदेश (जपान, अमेरिका की युरोप) गेमच्या प्रदेशाशी जुळलेला बरा. कायद्याच्या दृष्टीने एम्युलेटर, बायोस आणि गेम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले, की सुसंगत एम्युलेटर घडवताना अभ्यासासाठी बायोसची मधली प्रत करणे हा न्याय्य वापर ठरतो, आणि कनेक्टिक्सच्या अंतिम प्रोग्राममध्ये सोनीची संहिता नव्हतीच. त्यातून बायोसची किंवा गेमची फाईल वाटत फिरण्याची मुभा कुणालाच मिळालेली नाही. दोन्हींवर स्वामित्वहक्क आहे. आपल्या कन्सोलमधून बायोस आणि आपल्या सीडीवरून गेम काढणे ही वाट मी स्वतः वापरतो आणि सुचवतो, पण खासगी प्रतीबाबतचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा आपल्या देशाचे नियम पाहून घ्यावेत.

आता पसरट चित्र. सुपर निन्टेंडो साधारणतः २५६ बाय २२४ ठिपक्यांचे चित्र काढतो, पण ते ठिपके चौरस नसतात. टीव्हीवर ते किंचित आडवे, साधारण ८:७ या प्रमाणात ताणले जात आणि मिळून ४:३चा पडदा भरत. तुमचा लॅपटॉप १६:९चा आहे, आणि ‘पूर्ण पडदा’ निवडल्यावर चित्र एक तृतीयांशाने जास्त रुंद होते, मग चंद्र अंड्यासारखा दिसतो. सेटिंगमध्ये ४:३ निवडा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या गोड मानून घ्या. त्यानंतर उभ्या दिशेने पूर्णांकी पटीत वाढ करायला सांगा: १०८० रेघांच्या पडद्यावर २२४ची चौपट ८९६ होते आणि वरखाली थोडी जागा उरते, पण त्यामुळे प्रत्येक रेघ सारख्या जाडीची राहते. ही पट जुळली नाही, तर पार्श्वभूमी सरकताना वाळूवर ऊन हलावे तशी एक थरथर दिसते.

जुना काचेचा टीव्ही मात्र नुसता गोलसर आणि धूसर नव्हता, चित्रकार त्याच्या धूसरपणाचा वापर करत. मेगा ड्राइव्हवरच्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधला पहिल्या टप्प्यातला धबधबा एम्युलेटरमध्ये जवळून पाहा: पाण्याच्या जागी एकाआड एक उभ्या रेघा आहेत, एक रंगीत आणि एक रिकामी, फणीच्या दातांसारख्या. मेगा ड्राइव्हला अर्धपारदर्शक पाणी सहज दाखवता येत नव्हते. पण कंपोझिट केबलमधून, म्हणजे सगळे चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या जुन्या टीव्ही केबलमधून, जाताना शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत आणि त्या फणीचे खरेखुरे पातळ पाणी होई. स्वच्छ डिजिटल पडद्यावर ती फणी उघडी पडते. अशा गेमसाठी कंपोझिट सिग्नलची नक्कल करणारा फिल्टर किंवा सीआरटी शेडर, म्हणजे काचेच्या टीव्हीसारखे चित्र दाखवणारा फिल्टर, लावावा. कडा गुळगुळीत करून प्रत्येक पात्राला मेणाचे बनवणारे फिल्टर मात्र मी कुणालाही सुचवत नाही; ते चित्रकाराच्या हाताला पुसून टाकतात.

प्लेस्टेशनचे त्रिमितीय गेम याला अपवाद आहेत, तिथे सुधारणा खरोखरच लाभते. त्या यंत्रात आकृत्यांच्या कोपऱ्यांची जागा पूर्ण ठिपक्यांतच मोजली जाई आणि भिंतीवरचे चित्र ताणताना खोलीचा हिशेब धरला जात नसे; म्हणून भिंती लटपटतात आणि फरशा वाकतात. डकस्टेशनमधला पीजीएक्सपी हा पर्याय कोपऱ्यांची अचूक जागा लक्षात ठेवून हे दोन्ही सुधारतो. तो लावा, चित्राच्या ठिपक्यांची पट (रिझोल्यूशन) दुप्पट-चौपट वाढवा. ज्या गेममध्ये पार्श्वभूमी आधीच रंगवून ठेवलेली असते तिथे मात्र पट वाढवल्यास कोरीव पात्र धूसर भिंतीसमोर चिकटवल्यासारखे दिसते, तेव्हा तिथे मूळ पटच बरी. याच धाटणीची दुसरी सावधगिरी एनईएसबाबत: एका रेघेवर आठपेक्षा जास्त हलती चित्रे आली की ती लुकलुकत, आणि ही मर्यादा काढण्याचा पर्याय एम्युलेटरमध्ये असतो. पण ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये तळघराच्या वरच्या-खालच्या दारातून जाताना पात्र चौकटीआड झाकण्यासाठी हीच मर्यादा वापरली आहे. मर्यादा काढली, की नायक चौकटीच्या आतून जाण्याऐवजी तिच्यावरून चालू लागतो.

तडतडणाऱ्या आवाजाचे मूळ वेळेच्या मेळात आहे. सुपर निन्टेंडोची अमेरिकी आणि जपानी आवृत्ती सेकंदाला ६० नव्हे, तर ६०.०९८८ फ्रेम, म्हणजे एकेक पूर्ण चित्रे, दाखवत असे. तुमचा पडदा ६० दाखवतो. दर दहा सेकंदांना एक फ्रेम शिल्लक राहते. चित्र पडद्याशी जुळवले तर आवाजाचा साठा हळूहळू आटतो आणि रिकामा झाला की तड असा आवाज येतो. आवाजाशी जुळवले तर दर दहा सेकंदांना चित्राला ठेच लागते. यावरचा उपाय म्हणजे चित्र पडद्याशी बांधून ठेवणे आणि आवाजाची गती अर्ध्या टक्क्याच्या आत कमीजास्त करत राहणे. रेट्रोआर्कमध्ये हे आपोआप होते आणि एवढा फरक कानाला जाणवत नाही. तरीही तडतड राहिली, तर लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये आहे का ते पाहा. हलक्या कामात प्रोसेसर आपला वेग उतरवतो, आणि एम्युलेटरचे काम दर १६.७ मिलिसेकंदांना एकदा उसळी घेणारे असल्याने तो वेळेवर जागा होत नाही. युरोपीय आवृत्तीचे गेम ५० फ्रेमचे असतात आणि त्यांतले बरेचसे नीट जुळवून न घेतल्यामुळे सुमारे १७ टक्के संथ चालतात. गेम रेंगाळतो आहे असे वाटले, तर आधी फाईल कोणत्या प्रदेशाची आहे ते तपासावे.

बटणाच्या विलंबाबाबत तुमचा हात खरे सांगतो आहे. मूळ यंत्रात बटण वाचले की पुढच्या एक-दोन फ्रेममध्ये काचेच्या टीव्हीवर परिणाम दिसत असे. संगणकात मध्ये ब्लूटूथ, ऑपरेटिंग सिस्टिम, चित्रांची रांग आणि पडद्याची स्वतःची प्रक्रिया येते, आणि चार-पाच फ्रेम सहज वाढतात. कंट्रोलर तारेने जोडा. टीव्हीला जोडत असाल तर टीव्हीचा गेम मोड सुरू करा. एवढ्यानेच पुष्कळदा निम्मा त्रास जातो. उरलेल्यासाठी रेट्रोआर्कमध्ये २०१८ साली आलेला ‘रन-अहेड’ हा पर्याय आहे. तो गेमला पडद्याआड एक-दोन फ्रेम पुढे पळवतो, तुमचे बटण लागू करतो आणि पुढचीच फ्रेम आत्ता दाखवतो. किती फ्रेम ठेवायच्या हे गेमनुसार मोजावे लागते आणि ते सोपे आहे: कीबोर्डवर ‘पी’ दाबून गेम थांबवा, उडीचे बटण दाबून धरा, आणि ‘के’ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. तिसऱ्या दाबाला पात्र हलले, तर दोन फ्रेम गेमच्या स्वतःच्या आहेत. तेवढाच आकडा भरा. त्याहून जास्त भरला, तर उडीची पहिली पायरी गाळली जाते आणि पात्र झटक्याने वर दिसते. कीबोर्डवर खेळत असाल, तर वर-डावे आणि उडी ही तीन बटणे एकदम दाबल्यावर तिसरे नोंदलेच जात नाही असे अनेक कीबोर्डांत होते. तो विलंब नव्हे, ती कीबोर्डची रचना.

सेव्हविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मी स्वतः हात पोळून घेतला आहे म्हणून लिहितो. एका लांबलचक भूमिकाप्रधान गेमच्या वेळी मी महिनाभर फक्त ‘सेव्ह स्टेट’वर विसंबून राहिलो, म्हणजे यंत्राच्या पूर्ण मेमरीचे त्या क्षणीचे छायाचित्र. मग एम्युलेटरची नवी आवृत्ती घेतली, आणि तिने जुनी छायाचित्रे वाचायला नकार दिला. तेव्हापासून मी रोज गेमच्या आतल्या सेव्हच्या ठिकाणी जाऊन सेव्ह करतो, कारण ती फाईल आवृत्ती बदलली तरी आणि एम्युलेटर बदलला तरी सहसा चालते. यातली आणखी एक खोच अशी, की जुने छायाचित्र उघडले की बॅटरीवरची सेव्हही त्या जुन्या क्षणाची होते आणि एम्युलेटर बंद करताना तीच फाईलवर लिहिली जाऊ शकते. म्हणून छायाचित्र उघडण्याआधी सेव्हच्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवावी.

राहिला तो मेनूवर अडलेला प्लेस्टेशनचा गेम. कन्सोल १९९४ साली आला तेव्हा त्याच्या कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या काठ्या नव्हत्या. अशा काठ्यांचा ड्युअलशॉक हा अॅनालॉग कंट्रोलर १९९७मध्ये आला. अॅनालॉग कंट्रोलर यंत्राला आपली ओळख वेगळ्या क्रमांकाने सांगतो, आणि सुरुवातीच्या काही गेमना तो क्रमांकच ठाऊक नसल्यामुळे त्यांच्या लेखी कंट्रोलर जोडलेलाच नसतो. डकस्टेशनच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये पहिल्या पोर्टला ‘डिजिटल कंट्रोलर’ निवडा, किंवा अॅनालॉग मोडसाठी एखादे बटण नेमून ते खेळता खेळता दाबा. ही निवड त्या एका गेमच्या गुणधर्मांत जाऊन करा, सर्वसाधारण सेटिंगमध्ये नको. नाहीतर ज्या गेमना काठ्या लागतात तेच उद्या बंद पडलेले दिसतील.